डोक्यामागचा उजेड

"दत्ताभाऊ, जरा ग्लो मारा."

हे वाक्य कानावर पडलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. देवगाव फाट्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. केस पिकले, मिशा पिकल्या, कॅमेरे बदलले, गिऱ्हाइकाची अक्कल मात्र आहे तिथंच आहे. पूर्वी लोक म्हणायचे, फोटो चांगला काढा. आता म्हणतात, कसाही काढा, वरून ग्लो मारा. शिळ्या भाताला फोडणी दिल्यासारखं. बरं, मारा म्हणतात. जसा पिकावर फवारा मारायचाय.

दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला, धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, लिहितो, पण गोड लिहिणार नाही. ते म्हणाले, चालेल. तेव्हा आता कुणी नाक मुरडायचं नाही.

ग्लो म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मागणाऱ्यालाही ते माहीत नसतं. कॉम्प्युटरवर फोटो उघडायचा. ज्या भागाला चमक द्यायची तेवढाच निवडायचा, समजा गाल. त्या गालाची नक्कल काढून त्याच्यावरच ठेवायची. ती नक्कल धूसर करायची, आरशावर तोंडाची वाफ सोडल्यावर दिसतं तशी. मग त्या धूसर नकलेतला फक्त उजेड खालच्या फोटोत झिरपू द्यायचा, अंधार वरच अडवायचा. जास्त झालं तिथं हलक्या हातानं पुसून घ्यायचं. झालं. आत दिवा लावल्यासारखा गाल दिसतो. पण हे किती करायचं? भाजीत मीठ असतं तितकं. बघणाऱ्याला फोटो आवडावा, का आवडला ते कळू नये. आमच्या लोकांना मात्र मिठाचीच भाजी पाहिजे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहेत. पहिली, ग्लो उजेडात दिसत नाही. भर दुपारी बॅटरी लावून काय उपयोग? त्याला मागं काळोख लागतो. जितका ग्लो जास्त, तितकी मागची बाजू काळी करावी लागते. दुसरी, जिवंत माणसाला उजेड समोरून द्यायचा, कपाळावर, गालावर. डोक्याच्या मागून गोल उजेड द्यायचा तो देवाला, नाहीतर गेलेल्या माणसाला. हा काही पुस्तकातला नियम नाही. पण आमच्याकडं कुठल्याही घरात जा आणि भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघा. मागं काळं, अंगात पांढरा सदरा, डोक्यामागं पुनवेचा चंद्र. शाळेत न जाणारं पोरगंसुद्धा सांगतं की हे आजोबा वारलेत.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. सेलूच्या एक बाई आल्या, नवरा शिक्षक, लग्नाच्या वाढदिवसाचा दोघांचा फोटो. म्हणाल्या, "फक्त गंठणाला ग्लो द्या."

मी म्हटलं, "आणि सरांना?"

"त्यांना कशाला?"

दिला. गंठण असं पेटलं की शेजारी उभे असलेले सर विझून गेले. बाई खूश. सर फोटोकडं बघून 'छान' म्हणाले. त्यांना सवय असावी.

एकाचंच काम मी हौसेनं केलं. पोळा झाल्यावर एक शेतकरी बैलाचा फोटो घेऊन आला. म्हणाला, "शिंगाला जरा चमक द्या. म्हातारा झालाय, ह्या साली बेगड नीट बसला न्हाई." त्या शिंगांच्या टोकांवर मी अर्धा दिवस घालवला. बैल फोटोतून माझ्याकडं शांत बघत होता. त्यानं एकदाही 'अजून मारा' म्हटलं नाही.

आता सुंदररावावर येतो. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलो.

सुंदरराव वालूरचा. शेतीवाडी बरी, खाऊनपिऊन सुखी, माणूसही वाईट नाही. फक्त फोटोचं वेड. कुणी साहेब फाट्यावरून जाणार म्हटलं की हा सकाळपासून इस्त्रीच्या कपड्यात उभा. साहेबांची गाडी थांबली की गर्दीतून मुंडी घालून साहेबांच्या खांद्याशी जाऊन चिकटणार. माझ्याकडं त्याचे असे फोटो ढिगानं आहेत, आणि एकाही फोटोत एकाही साहेबाची नजर त्याच्याकडं नाही. ते दिसतं मला. त्याला दिसत नाही.

त्याला एकच बहीण, गयाबाई. पिंगळीला दिलेली. दोघांची आई लवकर गेली. गयाबाईनंच ह्याला वाढवलं, तीही तेव्हा परकरातलीच. तो तिला आक्का म्हणतो. पुढं ह्या आक्काच्या लेकीचं, रेणुकाचं लग्न पिंगळीला ठरलं, आणि फोटोचं काम माझ्याकडं आलं.

लग्नात अंतरपाट धरला की नवरीच्या मागं तिचा मामा उभा राहतो. भाचीला मंडपात तोच घेऊन येतो, मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी तोच. आई रडत असते, बाप पाहुण्यांत असतो, पोरीला आधार काय तो मामाचा. गुरुजींनी हाक दिली, "मुलीच्या मामाला बोलवा." मामा कुठाय? मामा फाट्यावर. त्या दिवशी कुठलेसे साहेब येणार होते. गयाबाईच्या धाकट्या दिरानं फोन लावला, तर पलीकडून उत्तर, "आलोच. एक फोटो हुतो की निघालो."

साहेब उशिरा आले. साहेब उशिराच येतात. मुहूर्त थांबला नाही. शेवटी लांबच्या नात्यातला एक माणूस मामा म्हणून उभा केला. अक्षता पडल्या. मी फोटो काढत होतो.

सगळं आटोपून पंगती उठत आल्या तेव्हा सुंदरराव उगवला. कपाळाला गुलाल, गळ्यात साहेबांच्या गळ्यातून उतरलेला हार. आल्या आल्या मला म्हणाला, "दत्ताभाऊ, तेवढं अंतरपाट परत धरायला सांगा. मी मागं हुबा राहतो, एक फोटो घ्या. अल्बमात मामा नको का?"

गयाबाई मागं उभी होती. ती ओरडली नाही. तिनं लेकीला हाताला धरून आपल्या मागं घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या फोटोसाठी माझी लेक दुसऱ्यांदा हुबी राहणार न्हाई. सुंद्या, तुझ्या दारात मी आता तुझ्या मयतालाच येईन. तवर माझं तोंड बघू नको."

भरल्या मंडपात बोलली. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद. भाऊबीज नाही, राखी नाही. सुंदरराव लोकांना सांगायचा, बाईमाणूस, राग जाईल. पण राखीपौर्णिमेला फुल बाहीचा सदरा घालून फिरायचा, म्हणजे मनगट कुणाला दिसू नये. हे मला कसं माहीत? माझं कामच बघायचं आहे.

मग आला सुंदररावाचा वाढदिवस. फ्लेक्स आधीच लागले होते. प्रत्येक फ्लेक्सवर हा हातात फोन घेऊन, खाली शुभेच्छुकांची खंडीभर मुंडकी. तरी वाढदिवसाच्या सकाळी मी शटर उघडतोय तोवर हा दारात हजर.

"दत्ताभाऊ, एक पेशल फोटो पाहिजे. स्टेटसला ठेवायला. ग्लो असा मारा की तमाम तालुक्यानं बघत राहिलं पाहिजे."

मी त्याचा एक बरा फोटो काढला, पांढऱ्या सदऱ्यातला. गालावर, कपाळावर बेतानं उजेड दिला. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. मला वाटलं, सुटलो.

"हे काय? दिसना कुठं ग्लो."

"दिसायचा नसतोच सुंदरराव."

"मग पैशे कशाचे? अजून मारा."

मारला. वाढवला की मागची बाजू काळी करावी लागते, ती केली. "अजून." अजून काळी. मग त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं, डोक्याच्या मागं. "हितं गोल मारा. कॅलेंडरात देवाला असतो तसा."

मी खुर्ची फिरवून त्याच्याकडं तोंड केलं. "सुंदरराव, असा फोटो आम्ही कधी करतो, माहीत हाय का?"

"कधी?"

"माणूस गेल्यावर."

तो खो खो हसला. "तुमी जुन्या जमान्यातले राहिले, दत्ताभाऊ. आता फ्याशन हाय."

"घरात विचारून घ्या एकदा. वहिनींना दाखवा."

"तिला काय कळतंय फोटोतलं?"

म्हणतात ना, गाढवापुढं वाचली गीता. दिला गोल. केला चंद्र. डोळे जरा वर गेलेले होते, तेही त्याला आवडले. म्हणाला, विचारवंत दिसायलोय. मी म्हटलं, "थांबा, खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' टाकतो." तर म्हणे, "अक्षरं नको. अक्षरानं तोंड झाकतंय. फोटोच बोलला पाहिजे."

फोटो बोलला. फार बोलला.

त्यानं माझ्या समोरच तो स्टेटसला ठेवला, चार ग्रुपवर टाकला आणि सेलूला फेशियल करायला गेला. हो, फेशियल. तिथं तोंडाला लेप लावून डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून हा आडवा पडला आणि फोनची बॅटरी संपली.

इकडं ग्रुपवर पहिल्यांदा कुणी लिहिलं देव जाणे. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' झालं. आमच्याकडं एकानं श्रद्धांजली वाहिली की दुसरा विचारत नाही कुणाची. मागं राहिलो तर लोक काय म्हणतील, म्हणून तोही वाहतो. 'वालूरचा आधारवड गेला.' 'विश्वास बसत नाही.' ज्याचा विश्वास बसत नव्हता त्यानं फोन करून विचारावं की नाही? पण विचारणार कसं? 'वहिनी, भाऊ गेले का?' असं कुणी फोनवर विचारतं काय? मयताची बातमी आली की माणूस चौकशी करत नाही, चप्पल घालतो आणि निघतो. मी ग्रुपवर लिहिलं, 'अरे, जिवंत आहे तो, फेशियलला गेलाय.' तर खाली एकानं मलाच झापलं, 'काका, वेळप्रसंग बघून चेष्टा करा.' आणि माझं लिहिणं श्रद्धांजल्यांच्या ढिगाऱ्याखाली गेलं. मी आपला कॅमेरा घेतला आणि वालूरला निघालो, कारण दुपारी केकचे फोटो काढायचं ठरलंच होतं.

दारात वाढदिवसाचा मांडव. खुर्च्या. माणसं गोळा झालेली, निम्मी जेवायला आलेली, निम्मी खांदा द्यायला. बायको दारात उभी राहून कावलेली, "आवो, सकाळी चांगलं पोहे खाऊन गेलेत! कुणी सांगितलं तुमाला?" दोन्ही प्रकारची माणसं एकमेकांच्या कपड्यांकडं बघून बुचकळ्यात. मला हसू आवरत नव्हतं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात एक जीप आली. पिंगळीची.

जीप थांबायच्या आधीच रडणं ऐकू आलं. जावयानं गयाबाईला फोनवर तो फोटो दाखवला होता. येताना लांबून मांडव दिसला, गर्दी दिसली, मग शंका राहिलीच नाही. गयाबाई उतरली ती कोसळलीच. मनगटाला पिशवी अडकवलेली. आमच्याकडं मयताला जवळचं माणूस कोरं कापड घेऊन येतं, अंगावर घालायला. ते कापड पिशवीतून अर्धं बाहेर आलेलं.

"माझ्या सुंद्या रं! तुला कडंवर घेऊन कापूस येचला रं मी! माझ्या तोंडातून शब्द गेला रं, माझी जीभ का झडली न्हाई!"

माझं हसू जागच्या जागी मेलं. आता हिला खरं काय ते सांगणार कसं आणि कोण? सुंदररावाची बायको पुढं धावली, "वन्सं, आवो वन्सं..." पण गयाबाईला ऐकूच जात नव्हतं.

आणि त्याच वेळी मागून मोटारीचा हॉर्न वाजला. सुंदरराव उतरला. नवा सदरा, लेप धुतलेलं गुळगुळीत तोंड, उन्हात लखलखत. कुठलाही कॉम्प्युटर न लावता.

गयाबाईनं मान वर केली. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. त्या बाईच्या तोंडावर त्या क्षणी जे आलं ते मी इतक्या वर्षांत कुठल्याच तोंडावर बघितलं नाही. ती उठली, पदर लोंबतोय, धावली आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. गाल चाचपले, कपाळ चाचपलं, कान धरले. "हाईस रं? हाईस?" एवढंच म्हणत होती.

तिथं त्यानं फक्त 'आक्का' म्हणून गळ्यात पडायचं होतं. बास. बाकी काही करायचं नव्हतं. एखादं कुत्रंसुद्धा एवढं समजतं.

पण हा हसला. चारचौघांकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "बघा, फोटोच असा जबरदस्त झाला की माणसं फसली! आक्का, आता आलीच हाईस तर चल, केक कापू. दत्ताभाऊ, घ्या. बहीणभावाचा एक फोटो घ्या."

गयाबाईचे हात त्याच्या तोंडावरून खाली आले. तिनं हाताला लागलेली क्रीम पदराला पुसली. पिशवीतलं कोरं कापड काढलं, त्याची घडी नीट केली आणि ती त्याच्या खांद्यावर ठेवली.

"तुझ्या मयताला येईन म्हणले होते," ती म्हणाली. आवाज रडून बसला होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "आले. माझं येणं झालं."

आणि वळून चालू लागली. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तिनं घेतला नाही. जीपमध्ये बसली. 'येते' म्हणाली नाही. आमच्याकडं कुणाच्याही घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो, 'जातो' कुणी म्हणत नाही. फक्त मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. गुपचूप उठून जायचं. मांडवातल्या सगळ्यांना ते कळलं. खांद्यावर कापड घेऊन उभ्या असलेल्या सुंदररावालाही कळलं.

मी फोटो घेतला नाही. कॅमेरा पिशवीत घातला आणि फाट्यावर आलो. फोटो बनवला मीच, पण नको म्हणून सांगितलंही मीच. तरी त्या दिवशी घास गोड लागला नाही.

काही दिवसांनी सुंदरराव दुकानात आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. खाली बघत म्हणाला, "दत्ताभाऊ, रेणुकाच्या लग्नातला तो अंतरपाटाचा फोटो असंल ना तुमच्याकडं?"

"हाय."

"तिच्या मागं जो माणूस हुबा हाय, त्याच्या जागी मला बसवता येतंय का? मोठा करून आक्काला नेऊन देतो. निदान भिंतीवर तरी मामा..."

कोळसा उगाळावा तितका काळाच. मी कॉम्प्युटरवर तो फोटो शोधून काढला. स्क्रीनभर मोठा केला. मधे अंतरपाट, नवरी, तिच्या मागं तो परका माणूस.

"चहा संपायच्या आत बसवतो तुम्हाला," मी म्हटलं. "देवाला ओळखू येणार न्हाई. पण हे बघा."

मी फोटो सरकवला. कडेला, गर्दीत, जरा अंधारात गयाबाई. हातात अक्षता. सगळं वऱ्हाड नवरीकडं बघतंय, आणि नवरीची आई एकटी मान वळवून मंडपाच्या बाहेर बघतेय. रस्त्याकडं.

"तुम्हाला नवरीच्या मागं हुबं केलं, सुंदरराव, तर ही कुणाची वाट बघायलीय? हिचे डोळे मी कुठं फिरवू? ते येत न्हाई मला."

तो बघत राहिला. इतक्या वर्षांत स्वतःचं तोंड सोडून त्यानं फोटोतलं दुसरं काही पहिल्यांदाच बघितलं असावं. स्क्रीनजवळ गेला, बोट पुढं केलं, पण टेकवलं नाही. मग डोळे पुसले. लपवले नाहीत, सरळ बाहीनं पुसले.

"ती दारात घेणार न्हाई मला."

"न्हाई घेतलं तर दाराबाहेर हुबं राहा. साहेबांसाठी सकाळपासून राहता की."

तो गेला. मी मनात म्हटलं, ह्याच्यात काय फरक पडणार, फाट्यावर साहेब दिसले की हा थांबणार. म्हणून शटरपर्यंत जाऊन बघितलं. त्या दिवशीही कुणीतरी येणार होतं, फाट्यावर हार घेऊन माणसं उभी होती. सुंदरराव त्यांच्या मागून गेला आणि पिंगळीला जायला परभणीच्या गाडीत चढला.

परत आला तो पुढच्या आठवड्यात. माझ्या बाकड्यावर टेकला. मी एका नवरदेवाच्या गालावरचा ग्लो उतरवत होतो. विचारलं, "काय झालं?"

"उन्हात हुबा होतो. लय वेळ. मग रेणुका आली, तिनं पाणी दिलं. आक्का आतच. एक शब्द बोलली न्हाई. जेव म्हणाली न्हाई, बस म्हणाली न्हाई."

"मग?"

"मग काय? निघालो. निघताना दारातून म्हणलं, 'आक्का, येतो.'"

मी माउस सोडला.

"आतून म्हणाली, 'ये.'"